घरी डेस्कटॉप, बाहेर लॅपटॉप: दोन्हीकडे एकच ताजी फाइल कशी ठेवायची (सिंकथिंग, अगदी पहिल्यापासून)

पेनड्राइव्हवर माझा राग का आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढची सगळी खटपट का करायची ते कळेल. मी साताऱ्यात डीटीपीची (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची) कामं करतो, घरी डेस्कटॉप आहे आणि आठवड्यातून एकदोनदा छपाईसाठी पुण्याला जावं लागतं तेव्हा लॅपटॉप. एका दिवाळी अंकाच्या वेळी प्रेसमध्ये बसून लॅपटॉपवर तीन तास करेक्शन्स केली, रात्री घरी आलो, पेनड्राइव्ह लावला आणि फोल्डर ओढलं. ओढायचं होतं लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर, मी ओढलं उलटं. विंडोजनं इमानदारीत विचारलं की या नावाच्या फाइल्स आधीच आहेत, रिप्लेस करू का, आणि मी झोपेत हो म्हटलं. सकाळची जुनी फाइल संध्याकाळच्या फाइलच्या डोक्यावर बसली. कळलं कधी, तर अंक छापून आल्यावर एका कवींचा फोन आला तेव्हा, "अहो, तो अनुस्वार आपण काढला होता ना?"

त्यानंतर 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल खरी' असली नावं देणं बंद केलं आणि दोन्ही मशीन आपोआप सिंक करायची, म्हणजे एकीकडचा बदल दुसरीकडे पोचवून दोन्ही सारखी ठेवायची सोय केली. आता बरीच वर्षं ती चालू आहे, मध्ये दोनतीनदा फजिती झाली पण फाइल गेली नाही. तीच पद्धत खाली लिहितोय. थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी पर्याय काय काय

क्लाउड ड्राइव्ह सगळ्यांना माहितीये. गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात पण त्यातच जीमेल आणि फोटोही बसतात, वनड्राइव्हवर ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २. वर्डच्या चार फाइल्स असतील तर तेच वापरा, पुढचं वाचायची गरज नाही. माझं कामाचं फोल्डर ८० जीबीच्या आसपास आहे, आणि दोन मशीन एकाच टेबलावर शेजारी असताना फाइल आधी इंटरनेटवर चढवायची आणि मग परत उतरवायची हे मला पटत नाही. शिवाय नेट बंद तर काम बंद.

दुसरा प्रकार म्हणजे फ्रीफाइलसिंक. हे दोन फोल्डर समोरासमोर मांडून दाखवतं, कुठली फाइल कुणीकडे जाणार ते बाणांनी दिसतं, तुम्ही बघून बटण दाबायचं. ज्यांना आपोआप काही झालेलं आवडत नाही त्यांनी हे जरूर वापरावं, मीही बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्यायला हेच वापरतो. पण रोज दोनदा बटण दाबायचं लक्षात राहणार असतं तर माझा अंक वाचला नसता का.

तिसरा सिंकथिंग. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१३ च्या डिसेंबरपासून चालू आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. मधे कुठला सर्व्हर फाइल साठवून ठेवत नाही, एका मशीनवरून थेट दुसऱ्या मशीनवर जाते आणि जाताना कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. याची एक मोठी अट आहे आणि ती नीट कळली नाही तर लोक चार दिवसांत वैतागून काढून टाकतात: दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. डेस्कटॉप बंद करून तुम्ही पुण्याला गेलात तर तिथं केलेलं काम परत येऊन डेस्कटॉप चालू करेपर्यंत लॅपटॉपमध्येच राहणार. मला ते चालतं. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्या मशीनचा उपाय शेवटी सांगतो.

(विंडोज ९५ मध्ये ब्रीफकेस नावाची गोष्ट होती, आठवतेय का कुणाला? चामड्याच्या बॅगेचं चित्र. तिचं काम हेच होतं. मी ती कित्येक वर्षं उघडलीच नाही, वाटायचं यात ऑफिसला जाणाऱ्यांचं काहीतरी असणार.)

पहिलं काम: खरी कॉपी कुठली ते ठरवा

इथं लोक घाई करतात आणि सगळा घोळ इथंच होतो. समजा डेस्कटॉपवर कामाचं फोल्डर आहे आणि लॅपटॉपवर पण त्याचीच सहा महिन्यांपूर्वीची कॉपी आहे, आणि तुम्ही दोन्ही तशीच जोडली. सिंकथिंगला तुमच्या मनातलं माहीत नाही. डेस्कटॉपवरच्या ज्या फाइल्स तुम्ही मधल्या काळात उडवल्या होत्या त्या लॅपटॉपवर अजून आहेत, त्याला वाटतं की अरे ही फाइल एकीकडे आहे एकीकडे नाही, चला पोचवू. झालं, सहा महिन्यांचा कचरा परत घरात. आणि ज्या फाइल्स दोन्हीकडे वेगवेगळ्या आहेत त्यांच्या दोनदोन कॉप्या.

म्हणून एक मशीन 'खरं' धरायचं, माझ्याकडे डेस्कटॉप. दुसऱ्यावर जे काही नवं एकटंच पडलंय ते हातानं शोधून आधी खऱ्या मशीनवर आणायचं, मग दुसरीकडचं जुनं फोल्डर तिथून बाजूला करायचं (डिलीट नाही हं, नाव बदलून 'जुनं' करून ठेवा, महिनाभरानं उडवा). आणि सुरुवात करण्याआधी खऱ्या मशीनवरच्या फोल्डरची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवून द्या. यात एक संध्याकाळ जाते, पण जाऊ द्या.

फोल्डर कुठं असावं? माझ्याकडे दोन्ही मशीनवर डी ड्राइव्हमध्ये एकाच नावानं आहे आणि नाव इंग्रजी अक्षरांत आहे. एकाच नावानं अशासाठी की इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर), एक्सेल वगैरे मंडळी जोडलेल्या फाइल्सचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतात, पत्ता दोन्हीकडे सारखा असला की चित्रं हरवल्याची बोंब कमी होते. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स या फोल्डरांत शक्यतो ठेवू नका, कारण बऱ्याच विंडोजवर ती आधीच वनड्राइव्हशी जोडलेली असतात, आणि एकाच फोल्डरवर दोन सिंक बसवणं म्हणजे एका गाडीला दोन ड्रायव्हर.

इन्स्टॉल

सिंकथिंग डॉट नेट वरून डाउनलोड करा. विंडोजसाठी नुसती झिप मिळते, ती उघडून चालवली तरी चालतं, पण मग मशीन चालू झाल्यावर ते आपोआप सुरू व्हायची सोय स्वतः करावी लागते. त्यापेक्षा 'सिंकथिंग विंडोज सेटअप' नावाचा वेगळा इन्स्टॉलर आहे तो घ्या, तो लॉगिन झालं की सुरू व्हायची सोय करून देतो. उबंटूवाल्यांना सॉफ्टवेअरच्या भांडारातूनच मिळेल.

पहिल्यांदा चालू झालं की विंडोजची फायरवॉल विचारते परवानगी देऊ का, तिथं प्रायव्हेट नेटवर्कला हो म्हणा. आणि एक बघा, तुमच्या घरच्या वायफायला विंडोजनं 'पब्लिक' समजलेलं असतं कधीकधी, मग शेजारी ठेवलेली दोन मशीन एकमेकांना ओळखच देत नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा. माझा एक अख्खा रविवार यात गेला होता, राउटर तीनदा बंद चालू केला, आणि दोष निघाला एका टिकमार्कचा.

सिंकथिंगला स्वतःची खिडकी नसते, ते ब्राउझरमध्ये उघडतं, १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर (आकडे इंग्रजीत टाइप करा). पान ब्राउझरमध्ये दिसलं म्हणून ते इंटरनेटवर आहे असं नाही, तुमच्याच मशीनवर आहे. तरी सेटिंग्जमध्ये जीयूआयच्या भागात युजरनेम पासवर्ड टाकून ठेवा, तोपर्यंत ते सूचनेची पट्टी दाखवत बसतं. पहिल्यांदा 'डीफॉल्ट फोल्डर' नावाचं एक रिकामं फोल्डर बनलेलं दिसलं तर काढून टाका, उगीच गोंधळ.

दोघांची ओळख करून देणं

प्रत्येक मशीनला एक डिव्हाइस आयडी असतो, सात-सात अक्षरांचे आठ गट, म्हणजे ५६ अक्षरं. अॅक्शन्समध्ये शो आयडी दाबलं की दिसतो. डेस्कटॉपचा आयडी कॉपी करून स्वतःलाच ईमेल करा, लॅपटॉपवर 'अॅड रिमोट डिव्हाइस' दाबून तिथं पेस्ट करा, नाव द्या 'घर', सेव्ह. दोन्ही एकाच वायफायवर असतील तर आयडी टाइपही करावा लागत नाही, तिथंच खाली जवळपासच्या मशीनचा आयडी दिसतो, त्यावर क्लिक. थोड्या वेळात डेस्कटॉपवर पट्टी येते की अमुक मशीनला जोडायचंय, तिथं अॅड करा.

आयडी कुणाला कळला तर काय, असं बरेच जण विचारतात. काही नाही. दोन्हीकडून एकमेकांना हो म्हटल्याशिवाय जोडणी होत नाही, आणि हो म्हटल्यावरही जे फोल्डर तुम्ही शेअर कराल तेवढंच दिसतं. फोन नंबर माहीत असला म्हणून कुणी घरात येत नाही, तसं.

थांबा, फोल्डर शेअर करायच्या आधी दोन गोष्टी

डेस्कटॉपवर 'अॅड फोल्डर' दाबा, पत्ता द्या, नाव द्या, पण शेअरिंगच्या टॅबमध्ये लॅपटॉपला टिक आत्ताच करू नका. आधी फाइल व्हर्जनिंगचा टॅब आणि इग्नोर पॅटर्न्सचा टॅब.

व्हर्जनिंग. हा लेख यासाठीच लिहिला म्हटलं तरी चालेल. सिंक तुमचं काम जितक्या वेगानं पलीकडे नेतं तितक्याच वेगानं तुमची चूकही नेतं. लॅपटॉपवर फोल्डर डिलीट केलं की डेस्कटॉपवरूनही गेलं, एकदोन मिनिटांत, आणि ते तुम्हाला विचारणार नाही कारण तुम्हीच तर केलंत. व्हर्जनिंग चालू असेल तर दुसरीकडून आलेल्या बदलामुळे जी फाइल बदलली किंवा उडाली तिची जुनी प्रत एका बाजूच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. त्या फोल्डरचं नाव डॉट एसटी व्हर्जन्स (एसटी म्हणजे आपली लाल परी नव्हे, सिंकथिंगचं लघुरूप).

यात चार प्रकार आहेत. ट्रॅशकॅन म्हणजे शेवटची एक प्रत, सिंपल म्हणजे तुम्ही सांगाल तेवढ्या प्रती, एक्स्टर्नल आपल्या कामाचं नाही, आणि स्टॅगर्ड जे मी वापरतो: पहिल्या तासात दर ३० सेकंदांची एक प्रत, पहिल्या दिवसात तासाची एक, मग महिनाभर दिवसाची एक, आणि त्यानंतर तुम्ही ठरवलेल्या मुदतीपर्यंत आठवड्याची एक. मुदत मी ९० दिवस ठेवलीये, फार ठेवली तर डिस्क भरते.

आता इथं एक खाच आहे आणि ती बहुतेकांना फाइल गेल्यावरच कळते. जुनी प्रत साठते ती बदल जिथं *येऊन पोचतो* त्या मशीनवर. ज्या मशीनवर तुम्ही स्वतः फाइल बिघडवली तिथं काहीच साठत नाही. म्हणजे लॅपटॉपवर घाण केली तर जुनी प्रत डेस्कटॉपवर शोधायची, डेस्कटॉपवर केली तर लॅपटॉपवर. आणि ही सेटिंग एकीकडे केली म्हणून दुसरीकडे होत नाही, दोन्ही मशीनवर वेगवेगळी करायची. परत आणायला फोल्डरखालचं 'व्हर्जन्स' बटण आहे, तारीख बघून निवडायचं.

इग्नोर पॅटर्न्स. न पाठवायच्या फाइल्सची यादी, एका ओळीत एक. माझी यादी छोटी आहे: ~$* (वर्ड एक्सेल उघडं असताना बनणाऱ्या फाइल्स), लिबरऑफिसची लॉक फाइल, इनडिझाइनची आयडीएलके एक्स्टेंशनवाली लॉक फाइल, थम्ब्स डॉट डीबी, डेस्कटॉप डॉट आयएनआय, आणि टीएमपी एक्स्टेंशनवाल्या सगळ्या. काही जण लॉक फाइल्स मुद्दाम सिंक होऊ देतात, म्हणजे एकीकडे फाइल उघडी असली की दुसरीकडे तसा इशारा मिळतो, कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे लाइट गेली की लॉक फाइल तशीच मागे राहते आणि मग कुणीच उघडलेली नसताना 'फाइल वापरात आहे' म्हणून दोन्ही मशीन नडतात. मी नाद सोडला. थम्ब्स आणि आयएनआयच्या नावाआधी कंसात प्रश्नचिन्ह आणि छोटा डी टाकायचा, म्हणजे फोल्डर डिलीट होताना त्यात फक्त ही फुटकळ फाइल अडकली असेल तर तीही जाईल, नाहीतर रिकामी फोल्डर पलीकडे भुतासारखी राहतात.

ही यादीसुद्धा सिंक होत नाही. लॅपटॉपवर परत पेस्ट करा.

पहिला सिंक

आता शेअरिंगमध्ये लॅपटॉपला टिक. पण फोल्डरचा प्रकार, अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये, डेस्कटॉपवर 'सेंड ओन्ली' करा, आणि लॅपटॉपवर पट्टी येईल की अमुक फोल्डर शेअर केलंय, ते स्वीकारताना पत्ता नीट बघून (डी ड्राइव्ह, आठवतंय ना, सिंकथिंग आपल्या मनानं भलतीकडेच सुचवतं) प्रकार 'रिसीव्ह ओन्ली' करा. म्हणजे पहिल्या दिवशी पाणी एकाच दिशेनं वाहणार. सगळं पोचलं, दोन्हीकडे हिरव्या अक्षरात 'अप टू डेट' आलं, फाइल्सचा आकडा दोन्हीकडे जुळला, की मग दोन्हीकडे 'सेंड अँड रिसीव्ह' करायचं. मधे 'ओव्हरराइड चेंजेस' किंवा 'रिव्हर्ट लोकल चेंजेस' असं लाल बटण दिसलं तर हात आवरा, पहिलं बटण पलीकडचं पुसून आपलं लादतं आणि दुसरं आपल्याकडचं जास्तीचं उडवतं.

वेळ किती? राउटरला १०० एमबीपीएसची वायर असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास, म्हणजे ८० जीबीला दोन तास. जुन्या वायफायवर सेकंदाला ४ एमबी धरले तर साडेपाच तास, रात्री लावून झोपा (लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद करून, नाहीतर तोही झोपेल). याहून जलद म्हणजे बाहेरच्या हार्डडिस्कवरून आधी सगळं लॅपटॉपवर कॉपी करून त्याच पत्त्यावर ठेवायचं आणि मग शेअर करायचं. सिंकथिंग दोन्हीकडच्या फाइल्सचे तुकडे मोजून बघतं, लहान फाइलला १२८ केबीचे आणि मोठ्या फाइलला १६ एमबीपर्यंतचे, तुकडे जुळले की ते परत पाठवत नाही. रोजच्या कामातही हाच फायदा, ३०० एमबीच्या फाइलमध्ये दोन पानं बदलली तर बदललेले तुकडेच जातात, निदान जे सॉफ्टवेअर दरवेळी अख्खी फाइल नव्यानं लिहीत नाहीत त्यांच्या बाबतीत.

आणि मधेच लाइट गेली तर? काही होत नाही. अर्धवट आलेली फाइल वेगळ्या तात्पुरत्या नावानं असते, पूर्ण झाल्यावरच खऱ्या नावावर येते, आणि परत चालू झालं की राहिलेले तुकडे तेवढे मागवते.

खऱ्या फाइल्सवर विश्वास टाकायच्या आधी एक खेळ खेळा

वेगळं 'चाचणी' नावाचं फोल्डर शेअर करा, त्यात तीन टेक्स्ट फाइल्स. एक लॅपटॉपवरून उडवा आणि डेस्कटॉपच्या व्हर्जन्समधून परत आणून बघा. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करा, दुसरी फाइल दोन्हीकडे उघडून दोन वेगळी वाक्यं लिहा, सेव्ह करा, वायफाय चालू. आता त्या फोल्डरमध्ये एकाच्या दोन फाइल्स दिसतील, एक मूळ नावाची आणि एक जिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट', तारीख, वेळ आणि मशीनच्या आयडीची काही अक्षरं आहेत. हे दृश्य एकदा शांतपणे बघून ठेवा. ऐन कामात पहिल्यांदा दिसलं की माणूस घाबरून भलतीच फाइल डिलीट करतो, आणि डिलीट केलेली दोन्हीकडून जाते.

कॉन्फ्लिक्टमध्ये बाजूला कुठली जाते? जिची सेव्ह झाल्याची वेळ जुनी ती. म्हणून मशीनचं घड्याळ बरोबर हवं. माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपला होता, रात्री प्लग काढला की सकाळी तारीख थेट काही वर्षं मागे, आणि मग कॉन्फ्लिक्ट झाला की डेस्कटॉपवरची फाइल कायम हरायची, ती कितीही ताजी असली तरी. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदलला आणि संपलं. नेहमीच्या सिंकला घड्याळाशी देणंघेणं नसतं, कुठल्या मशीनवर कितव्यांदा बदल झाला हे ते वेगळं मोजतं, पण दोन्हीकडे बदल झाला की निकाल घड्याळ लावतं.

मराठी नावांची भानगड

हे कुठल्या इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर. 'साताऱ्याचे फोटो' असं फोल्डर माझ्याकडे एकाच जागी दोनदा दिसायला लागलं. अक्षर न् अक्षर सारखं, विंडोज तर एका जागी एका नावाची दोन फोल्डर ठेवूच देत नाही. मग लक्षात आलं की यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) स्वतंत्र अक्षर येतं आणि त्याला य जोडला जातो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. डेस्कटॉपवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल तर हे होणारच. उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच मराठी कीबोर्ड ठेवा, मी इनस्क्रिप्ट ठेवलाय. मॅकवाल्यांची अजून एक तऱ्हा, तिथं कधीकधी ऱ चं र आणि खालचा नुक्ता असं तोडून नाव साठवलेलं असतं, ते मात्र सिंकथिंग सहसा स्वतःच निस्तरतं.

दुसरं, नावाची लांबी. विंडोजवर फाइलचं नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं, लिनक्सवर मोजमाप बाइटमध्ये आहे, २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्या देवनागरीला तीन, आणि काना मात्रा वेलांटी हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लेखक मंडळी लेखाचं पूर्ण शीर्षक आणि स्वतःचं नाव आणि 'सुधारित प्रत' असं सगळं फाइलच्या नावात घालून पाठवतात, ती विंडोजवर मजेत बसते आणि उबंटूच्या लॅपटॉपवर 'आउट ऑफ सिंक' म्हणून अडते. उलट बाजूनं, लिनक्सवर नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजवर नाही. 'हे असं का?' छापाची शीर्षकं नावात घालू नका, प्रश्न फाइलच्या आत विचारा.

काय सिंक करू नये

टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल, कुठलाही डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन. ह्या फाइल्स चालू असताना सतत लिहिल्या जातात आणि सिंक नेमका अर्ध्यावर त्यांचा फोटो काढून पलीकडे पाठवतं. टॅलीचा बॅकअप काढून ती बॅकअपची फाइल सिंक फोल्डरमध्ये टाका, तेवढं सुरक्षित. प्रोग्राम फाइल्स आणि विंडोजचे फोल्डर तर अजिबात नाही, सिंक केल्यानं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल होत नाही.

फॉन्टचंही तसंच. फाइल आली पण फॉन्ट नाही म्हणून लॅपटॉपवर अर्धा अंक चौकोनांत दिसला असं माझं झालंय. आता फॉन्टच्या मूळ फाइल्स कामाच्या फोल्डरमध्येच ठेवतो आणि दोन्ही मशीनवर तिथून इन्स्टॉल करतो. इनडिझाइनवाल्यांना सोपं आहे, फाइलच्या शेजारी 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' नावाचं फोल्डर असलं की ते त्यातले फॉन्ट आपणहून उचलतं.

आणखी एक, आवराआवर करताना डॉट एसटी फोल्डर नावाचं एक फोल्डर दिसेल, कचरा समजून उडवू नका. ती खूण आहे. डिस्क जोडलेलीच नसली आणि फोल्डर रिकामं दिसलं तर सिंकथिंगला वाटू नये की तुम्ही सगळं उडवलं, म्हणून ते आधी ही खूण शोधतं, नसली तर काम थांबवतं. उडवलंच असेल तर फाइल्स जागेवर आहेत याची खात्री करून त्याच नावाचं रिकामं फोल्डर परत बनवा.

बाहेर असताना

घराबाहेरूनही दोन मशीन एकमेकांना शोधतात, थेट जमलं तर थेट, नाहीतर रिले सर्व्हरमार्फत, म्हणजे फाइल नुसती पुढे सरकवणाऱ्या मधल्या मशीनमधून. रिलेला फाइल वाचता येत नाही पण वेग बराच कमी पडतो. धोका वेगळाच आहे, लॅपटॉपवर सिंकथिंगला मोबाइलचा हॉटस्पॉट आणि घरचं वायफाय यातला फरक कळत नाही, घरी कुणीतरी डेस्कटॉपवर कॅमेऱ्याचं कार्ड उतरवलं की शिवापूरच्या टोलनाक्यापाशी तुमचा दिवसाचा डेटा साफ. बाहेर पडताना 'पॉज ऑल' दाबायची सवय लावा. किंवा मी केलंय तसं, सेटिंग्जमध्ये कनेक्शन्समध्ये जाऊन ग्लोबल डिस्कव्हरी (इंटरनेटवरून दुसरं मशीन शोधणं) आणि रिलेइंगची टिक काढून टाका, मग फक्त घरच्या नेटवर्कवर आल्यावरच गाठ पडते. स्पीडची मर्यादाही तिथंच घालता येते, ती घरच्या नेटवर्कला लागू होत नाही, मुद्दाम केली तरच.

निघायच्या आधी मात्र लॅपटॉपवर 'अप टू डेट' बघूनच झाकण बंद करा. फाइल सेव्ह केल्यावर सिंकथिंग दहाएक सेकंद थांबून मग पाठवायला घेतं, आपण सेव्ह करून टप्पकन झाकण लावतो, आणि पुण्यात जाऊन उघडतो ती कालची फाइल. तिच्यावर काम करून घरी आलं की कॉन्फ्लिक्ट ठरलेला. माझे जवळजवळ सगळे कॉन्फ्लिक्ट या दहा सेकंदांचे आहेत.

तिसरं मशीन आणि कपाटातली डिस्क

दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणं जमत नसेल तर कोपऱ्यात कायम चालू राहणारं तिसरं काहीतरी ठेवा. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर चालतो, जुना लॅपटॉप चालतो, त्यावर सिंकथिंग टाकून दोन्ही मशीन त्याला जोडा. डेस्कटॉप त्याला देतो, तो नंतर लॅपटॉपला देतो. माझ्याकडे बॅटरी मेलेला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप हे काम करतो, इन्व्हर्टरवर आहे. जुना अँड्रॉइड फोनही वापरता येतो, पण अधिकृत अॅप २०२४ च्या डिसेंबरपासून बंद केलंय, 'सिंकथिंग-फोर्क' घ्यावं लागतं, आणि फोन बॅटरी वाचवायला मागचं अॅप झोपवतो त्यामुळे मला तो फारसा भरवशाचा वाटला नाही.

आणि तीन मशीन झाली तरी बॅकअप झाला असं धरू नका, कारण एखाद्या व्हायरसनं फाइल्स कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइल्सही तिन्हीकडे पोचतात. सुरुवातीला कपाटात ठेवलेली हार्डडिस्क आठवतेय? ती महिन्यातून एकदा काढायची, फ्रीफाइलसिंकनं ताजी करायची आणि वायर काढून परत आत. लावून ठेवायची नाही. माझी डिस्क दिवाळीच्या फराळाच्या डब्यांमागे असते, त्यामुळे महिन्याची आठवण करून द्यायला घरात बाकीची मंडळी आहेतच, "ते तुमचं खोकं काढा इथून, चकलीचा डबा बसत नाही."